कॅरिअर काढून ठेवलेली सायकल

ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या नियमांत एक कलम आहे. नेमून दिलेले थांबे सोडले, तर वाटेत आपल्या माणसांकडून कसलीही मदत घ्यायची नाही. कागदावर वाचताना मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते. ते मला कळलं डिसेंबरातल्या एका सकाळी, नऊ वाजून गेल्यावर, भंडारा जिल्ह्यात, लाखनीच्या अलीकडे.

माझ्या पुढे वीसेक पावलांवर सर सायकल चालवत होते. डाव्या हाताला त्यांचं गाव आलं. महामार्गाला लागून असलेल्या घरासमोर त्यांची आई पदराखाली स्टीलचा डबा धरून उभी होती. सर थांबले, एक पाय खाली टेकवला.

"माय, घेता येत नाही."

"पोहे आहेत. गरम आहेत."

"नियम आहे ना तसा."

"मंग मी कायले उभी राहिली सकाळपासून?"

सर काही बोलले नाहीत. वाकून तिच्या पायांना हात लावला, बुटाचा खटका पायडलमध्ये अडकवला आणि निघाले. तोवर मी तिथे पोचले होते. माउलीने तोच डबा माझ्यापुढे केला. मलाही तो घेता येत नव्हता. "सांजच्याला येते मी, तेव्हा खाते," म्हणून मी निघाले, आणि पुढचा अर्धा तास मला त्या डब्याशिवाय काही सुचलं नाही.

आदल्या संध्याकाळी सर घरून सायकलने नागपूरला गेले होते. का, तर पहाटे तिथून निघून आपल्याच दारावरून साकोलीला जायचं, तिथून वळून पुन्हा आपल्याच दारावरून नागपूरला परतायचं, रात्री तिथे झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचं. मधल्या दिवसाचे दोनशे किलोमीटर तेवढे मोजले जाणार होते.

विषय होता वेग

या वर्षीच्या अंकाचा विषय 'वेग' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हेच सर आले. ते लाखनी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतात. नाव छापू नका म्हणाले. गावात आणि सायकलवाल्यांच्या घोळक्यातही त्यांना सगळे 'सर'च म्हणतात, म्हणून इथेही तेच.

मी मूळची तुमसरकडची. शिक्षणासाठी नागपूरला गेले आणि तिथेच राहिले. भंडारा म्हटलं की बाहेरच्या माणसाला तलाव आठवतात, पितळेची भांडी आठवतात, तुमसरचा तांदूळ आठवतो. मला आठवतात धानाच्या बांध्यांमधून जाणारे सपाट रस्ते आणि त्यांवरच्या सायकली. ढिवर समाजातले मामा पहाटे तलावावरून निघायचे तेव्हा कॅरिअरवर जर्मनचं घमेलं आणि त्यात शिंगाडे नाहीतर मासोळ्या असायच्या. धानाचा चाळीस किलोचा कट्टा सायकलच्या त्रिकोणात आडवा बसवून, एका हाताने हँडल नि दुसऱ्याने कट्टा धरून मिलपर्यंत चालत नेणारी माणसं असायची. या जिल्ह्यात घाट जवळजवळ नाहीत. उत्तरेला आंबागड, चांदपूरकडे जरा डोंगर लागतो, बाकी वैनगंगेचं खोरं ताटासारखं पसरलेलं. सायकलला याहून बरी जमीन कुठली?

पण सपाट जमिनीवर शर्यतीचा सायकलवाला घडत नाही, असं समजतात. महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हटली की मुंबई–पुणे आणि बोरघाटात सर्वांत आधी वर पोचणारा 'घाटाचा राजा', एवढंच चित्र असतं. ब्रेव्हे हा प्रकार वेगळा. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने घालून दिलेल्या नियमांवर तो जगभर चालतो. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. एका हंगामात हे चारही पुरे केले की 'सुपर रँडोनर'. यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत आला तो आला.

उशीर करता येत नाही, तशी घाईही करता येत नाही. प्रत्येक थांब्याला उघडायची आणि मिटायची वेळ असते. सकाळी सहाला सुटलात तर शंभराव्या किलोमीटरचा थांबा आठ छपन्नला उघडतो आणि बारा चाळीसला मिटतो. आधी पोचलात तर शिक्का नाही, नंतर पोचलात तरी नाही. नागपूरहून साकोली साधारण तेवढ्याच अंतरावर. या खिडकीतून जायचं म्हणजे ताशी चौतीसच्या वर नको आणि पंधराच्या खाली नको. पंधरा म्हणजे गावातला तरणा पोरगा साध्या सायकलवर बाजाराला जातो तो वेग. अवघड आहे तो तेरा तास टिकवणं.

संपादकांना मी कळवलं, वेगावर लिहिते, पण ताशी पंधराच्या.

रोजचे चौतीस

सरांची शाळा घरापासून सतरा किलोमीटरवर, चुलबंद नदीच्या काठाकडे. जायचे सतरा, यायचे सतरा. गेली अनेक वर्षं हे चौतीस किलोमीटर ते सायकलवर करतात. मोटारसायकल घरी आहे, ती धाकटा भाऊ वापरतो. दोन दिवस मी त्यांच्या मागे जाऊन पाहिलं.

शाळेच्या दिवशीची सायकल वेगळी, काळी, बावीस इंची, कॅरिअरवर स्प्रिंग असलेली. वजन वीस किलोच्या आसपास. पुढे चव्वेचाळीस दात्यांचं चक्र, मागे अठरा दात्यांचं फ्रीव्हील. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल साडेपाच मीटरच्या जवळपास पुढे जाते. चढ असो, वारा असो, तेवढीच. बदलायला गिअर नाही. "ब्रेव्हेची तयारी याच्यावरच होते," सर म्हणाले. "गिअरच्या सायकलवर पाय फसवता येतो. इथे नाही येत."

त्यांच्या रस्त्याचं वर्ष धानाबरोबर फिरतं. आषाढ-श्रावणात रोवणी चालू असते. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावलेली असतात. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जायला ट्रॅक्टर तसाच डांबरी रस्त्यावरून नेतात. त्या पात्यांनी डांबरावर एकाआड एक आडव्या खाचा पडतात, वर चिखलाचे लपके. सायकलचं हँडल दातांसारखं वाजतं. अशा पट्ट्यांवर सर सीटवरून अर्धे उठतात, कोपर सैल सोडतात आणि पुढचं चाक हलकं ठेवतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पुढे कधीतरी फ्रान्समधल्या दगडी फरशांच्या शर्यतीची चित्रफीत पाहिली, तेव्हा ते तिथल्या पठ्ठ्यांच्या कोपरांकडेच बघत बसले म्हणे.

दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापला जातो. बांधीत कडपा पसरलेला, धुऱ्यावर पुंजणे रचलेले. मळलेला धान वाळवायला डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर पसरतात, कडेला दगड लावून ठेवतात. सायकलवाल्याने उरलेल्या अर्ध्यातून जायचं. धानावरून चाक गेलं तर शेतकऱ्याचं नुकसान, आणि त्या दाण्यांवरून चाक घसरतंही फार वाईट. सर अशा वेळी उतरून चालत जातात. मला ते आवडलं.

थंडीत तलावांवरून धुकं उठतं आणि रस्त्याच्या खोलगट भागात साचून राहतं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा शाळा सकाळची. सर साडेपाचला निघतात, परत येताना मात्र ऊन गाठतंच. घरून निघताना आंबील नाहीतर तांदळाची पेज, बाटलीत मीठ-साखरेचं पाणी, खिशात गूळ-फुटाणे. लांबच्या ब्रेव्हेलाही त्यांच्या खिशात हेच असतं. दर तासाला पोटात थोडं थोडं जात राहिलं नाही, तर शरीरातली साठवलेली साखर तीन-चार तासांत संपते आणि माणूस अचानक विझतो. पाय दुखत नाहीत, नुसते चालेनासे होतात, आणि मन चिडचिडं होतं. शहरी सायकलवाले यासाठी पाकिटातली महागडी जेल घेतात. भाताच्या जिल्ह्यातला माणूस पेजेवर दोनशे किलोमीटर जातो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खडूची खूण

सरांची दुसरी सायकल गिअरची, बारीक टायरांची, जुनी विकत घेतलेली. तिचं दुखलंखुपलं पाहायला ते नागपूरला जात नाहीत. भंडाऱ्यात एका गल्लीच्या तोंडाशी, पानठेल्याला लागून, एक मिस्त्री बसतात. पासष्टीच्या पुढचे असावेत. सगळे त्यांना 'चाचा' म्हणतात.

आमच्या लहानपणी अशा दुकानात तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. आधी कैची, म्हणजे पाय दांडीखालून घालून, सायकल तिरपी धरून अर्धे पायडल मारायचे. मग दांडीवर, मग एका उन्हाळ्यात कधीतरी सीटवर. मुलींना बहुतेक कैचीवरच थांबवायचे. मी सीटवर बसले त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एका आजीने आईला बोलावून विचारलं होतं, ही कुठं जाऊन राहिली? खरंच कुठेच जायचं नव्हतं. तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन परत आले, एवढंच.

चाचांकडे आम्ही गेलो ते सरांच्या मागच्या चाकाचा आऊट काढायला. एका खड्ड्याने रिम वाकली होती. रस्त्यावर ते कळतही नाही, पण दोनशे किलोमीटरभर ब्रेकचं रबर रिमला एका जागी चाटत राहतं आणि तेवढं बळ फुकट जातं. चाचांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि कान जवळ नेला. आधी ऐकतात, मग बघतात. मग खिशातून शाळेतला पांढरा खडू काढला. अंगठा सायकलच्या फाट्यावर टेकवून खडूचं टोक रिमच्या अगदी जवळ धरलं आणि चाक हळू सोडलं. जिथे रिम बाहेर आली होती तिथे खडू घासून दोन बोटं रेघ उमटली. बाकी रिम कोरी.

रेघ डाव्या अंगाला. म्हणून त्या जागच्या उजव्या बाजूच्या तारा पाव-पाव फेरा आवळल्या, डाव्या तेवढ्याच ढिल्या केल्या. रेघ पुसली. पुन्हा खडू, पुन्हा फेरा. या वेळी रेघ एक बोट. असं सहा-सात वेळा. शेवटी खडू कुठेच लागला नाही, तेव्हा चाचांनी तारा दोन-दोन करून चिमटीत दाबून पाहिल्या, वीणेच्या तारा पाहाव्यात तशा. एक तार सैल वाजली. ती आवळली.

"ही पातळ सायकल आणि ती काळी, दोघींच्या चाकाचं दुखणं एकच आहे," चाचा म्हणाले. "हिला नखरा जास्त. तिला कट्टा न्यायचा असते म्हणून ती सहन करते."

दोन तासांत त्यांच्याकडे आलेली गिऱ्हाइकं मी मोजली. अकरा. त्यांतल्या आठ शाळेच्या मुली होत्या.

दहा हजार किलोमीटर

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. गावात सातवीपर्यंतच शाळा आणि पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर, अशा ठिकाणी मुलीचं शिक्षण सायकल आहे की नाही यावर ठरतं. चाचांकडे आलेल्या मुलींच्या सायकली बहुतेक अशाच, एका साच्याच्या. चेन उतरणं, मागच्या चाकाची तार तुटणं, ब्रेकची दोरी सुटणं ही नेहमीची दुखणी. तार तुटते ती मागे मैत्रीण बसते म्हणून.

चाचांच्या बाकड्यावर बसून मी एक हिशेब मांडला. शाळा पाच किलोमीटरवर. रोजचे दहा. वर्षाला शाळेचे दोनशे दिवस धरले तर दोन हजार किलोमीटर. आठवी ते बारावी पाच वर्षं. दहा हजार.

आता दुसरा आकडा. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला सायकलने जाणारी ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम ही शर्यत नऊ हजार किलोमीटरहून जास्त लांबीची, १५ टप्प्यांची होती. त्यातला एकच टप्पा तेराशेहून अधिक किलोमीटरचा. २०१८ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती पूर्ण केली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, ते रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण करून आले होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघायचं, वाळवंट, रॉकी पर्वत, कॅन्ससचं न संपणारं मैदान ओलांडून पूर्व किनाऱ्यावर मेरीलँडला पोचायचं. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि मुदत बारा दिवस. घड्याळ झोपेतही थांबत नाही. समर्थांना ११ दिवस २१ तास ११ मिनिटं लागली. त्याच शर्यतीत त्यांच्या काही तास आधी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ पोचले होते, ती शर्यत एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय. आणि त्याही आधी, २०१५ मध्ये, नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने हेच अंतर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत कापलं होतं. सगळे डॉक्टर, हा योगायोग असेलही. शरीर कुठवर ताणता येतं हे ठाऊक असलेली माणसं यात उतरतात, असं मला वाटतं.

समर्थ नागपूरचे. बर्फाचे डोंगर, समुद्राचा वारा यांपैकी काही त्या शहरात नाही. आहे ते ऊन आणि सरळ रस्ते. भंडारा-गोंदियाच्या सायकलवाल्यांना त्यांचं नाव घरच्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. सर म्हणाले, "मुंबई-पुण्याचा माणूस गेला असता तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. हे गेले म्हणून आम्ही सायकली काढल्या."

बाकड्यावर माझ्याशेजारी बसलेल्या नववीच्या मुलीला मी तो हिशेब सांगितला. बारावी होईपर्यंत तू मॉस्को ते व्लादिवोस्तोकपेक्षा जास्त चालवलेली असशील. तिने विचार केला आणि म्हणाली, "पण मॅडम, आमच्या रस्त्यावर लाइट नाही."

सायबेरियातल्या वाटांवरही दिवे नसतात, पण तिथे मागे गाडी असते, तिच्या दिव्यात सायकलवाला चालतो. या मुलीच्या मागे कुणी नसतं. हिवाळ्यात साडेपाचला शाळा सुटते, सहाला अंधार पडतो. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विसाव्या वर्षी १५९ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, सुमारे २९,००० किलोमीटर, बहुतेक एकटीने. वेदांगीची गोष्ट मी त्या मुलीला सांगितली. तिने पहिला प्रश्न केला, "पंक्चर कोण काढत होतं?" स्वतःच, म्हटल्यावर ती उठून चाचांच्या हाताशी जाऊन बसली. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठे येतो ते बघायला.

दहाची नोट

दोनशेनंतर मी एक तीनशेची ब्रेव्हे केली. त्यातला शेवटचा शंभराचा पट्टा रात्रीचा होता, साकोलीहून नागपूरकडे. या रस्त्याला जुनी माणसं अजून 'कलकत्ता रोड' म्हणतात. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. दिवसा तो नुसता मोठा रस्ता असतो. रात्री छत्तीसगडकडून लोखंड, कोळसा, सिमेंट भरून येणाऱ्या ट्रकांची रांग लागते. ट्रक मागून येतो तेव्हा आधी आपलीच सावली पुढे लांब पडते, मग ती आखडत जाते, मग वारा ढकलतो आणि लगेच आत ओढतो. त्या ओढीला हँडल घट्ट धरलं तर सायकल हेलकावते. सैल धरायचं. हे कळायला मला दोन रात्री लागल्या.

मला ट्रकवाल्यांची भीती वाटली नाही. ते रात्रभर चालवतात, अंगावरची चमकणारी पट्टी त्यांना लांबून दिसते, बहुतेक जण अंतर ठेवून जातात. भीती वाटली ती धानाचे कट्टे भरलेल्या, मागे एकही दिवा किंवा चमकपट्टी नसलेल्या ट्रॉलीची. लाखनीच्या पुढे अशी एक ट्रॉली कडेला उभी होती. दिसली तेव्हा दहा हातांवर होती. मी हँडल वळवलं, वाचले, पण चाक कडेच्या खडीत गेलं आणि टायरची बाजू बोटभर फाटली.

फाटलेल्या टायरात नवी ट्यूब घालून उपयोग नसतो, हवा भरली की ट्यूब फाटीतून फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. सर माझ्या मागेच होते. ब्रेव्हेत सोबतचा सायकलवाला मदत करू शकतो, त्याला बंदी नाही. त्यांनी डोक्यावरचा दिवा लावला, पाकिटातून दहाची नोट काढली, चार घड्या घातल्या आणि टायरच्या आतून फाटीवर बसवली. वरून जुन्या ट्यूबचा तुकडा. नोटेचा कागद कापसाचा असतो, ताणाने फाटत नाही. मग ट्यूब, मग अंगठ्यांनी टायर रिमवर चढवणं. थंडीत बोटं वळत नव्हती. हवा नेहमीपेक्षा कमी भरली. फाटीपाशी टायरला किंचित टेंगूळ आलं, पण टिकलं. पुढचे सत्तर किलोमीटर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ते टेंगूळ मला सीटखाली जाणवत होतं.

कारध्याला वैनगंगेच्या पुलावर थांबून आम्ही गूळ-फुटाणे खाल्ले. २०२० च्या ऑगस्टअखेर याच नदीने भंडारा शहरात घरांच्या छपरापर्यंत पाणी नेलं होतं. त्या रात्री ती खाली कुठेतरी गप्प होती, धुक्यात दिसतही नव्हती. सर म्हणाले, चारशे झाले की सहाशे. मग २०२७. पॅरिसहून ब्रेस्तला आणि परत, १,२०० किलोमीटर, नव्वद तास. १८९१ साली सुरू झालेली ती सायकलवाल्यांची वारी दर चार वर्षांनी भरते. जायचं तर त्याच वर्षी चारही ब्रेव्हे पुन्हा कराव्या लागतात. पैशाचं काय, मी विचारलं. "पाहू," म्हणाले. पहाटेचे साडेतीन वाजले होते, हातात अजून साठ किलोमीटर होते आणि वेळ बराच. आम्ही ताशी अठराने निघालो.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी

भाऊबीजेपासून आमच्या या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, दिवसा दंडार, रात्री नाटक. एका गावची झाली की दुसऱ्या गावची, पाहुण्यांनी घरं भरलेली. थंडी पडली की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. मधली काही वर्षं न्यायालयाच्या बंदीने पट थांबले होते, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना परवानगी देणाऱ्या राज्याच्या कायद्याला मान्यता दिली. पटाच्या गावात धुरकरी जोडीला काय खाऊ घालतो यावर चावडीत वाद होतात. शर्यत इथल्या रक्तातच आहे.

मोहाडी तालुक्यातल्या एका गावात मंडईच्या दुसऱ्या दिवशी सायकल स्पर्धा असते, असं सरांनी सांगितलं म्हणून गेले. माइकवरून अटी सांगत होते: साधी सायकल पाहिजे, गिअर चालणार नाही, नहराच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, एकूण दहा किलोमीटर. माझ्या मीटरवर ते साडेआठ भरले. मुलांची आधी, मुलींची नंतर.

मुलींच्या शर्यतीत चौदा जणी होत्या. सुरू व्हायला अर्धा तास होता आणि लिंबाच्या झाडाखाली पाना-पक्कडांची एकच झुंबड. कॅरिअर काढलं, मडगार्ड काढले, चेनचं झाकण काढलं, स्टँड काढलं, पुढची टोपली काढली, घंटीही काढली. सुटे भाग प्रत्येकीने आपापल्या ओढणीत बांधले, गाठोडी ओळीने झाडाच्या पारावर ठेवली. एक आजी राखणीला बसली. उघड्या झालेल्या त्या सायकली ओळखू येत नव्हत्या. चाकं एकदम मोठी दिसायला लागली. सरांनी एकीची सीट दोन बोटं वर करून दिली आणि म्हणाले, "टाच नको, चवडा." तिने मान हलवली, पण नजर रस्त्यावर होती.

शिट्टी झाली आणि गेल्या. मी नहराच्या पुलावर आधीच जाऊन थांबले होते. तिथे मंडळाचा एक कार्यकर्ता हातात मार्कर घेऊन उभा. येणारीने चाक वळवताना डावा हात पुढे करायचा, तो मनगटावर रेघ ओढणार. रेघ नसेल तर बाद. साकोलीच्या ढाब्यावर माझ्या कार्डावर शिक्का मारला होता, तो आठवला. पॅरिसच्या क्लबाला आणि या मंडळाला, दोघांनाही तीच अडचण आली आणि तोच उपाय सुचला.

पहिली आलेली मुलगी थांबलीच नाही, चालत्या सायकलवरून हात दिला, रेघ कोपरापर्यंत गेली. दुसरी वळताना घसरली, उठली, आधी मनगट पुढे केलं आणि मग गुडघ्याकडे पाहिलं. तीच, जिची सीट सरांनी वर केली होती. परतीच्या वाटेवर तिने चौघींना मागे टाकलं असं लोक सांगत होते. मी पोचले तेव्हा ती दुसरी आलेली होती आणि पारावर बसून गुडघ्याला हळद लावून घेत होती. बक्षिसात स्टीलची टाकी मिळाली, पाणी भरायची, तोटीची.

बक्षीस वाटून होईस्तोवर सूर्य कलला. पुन्हा लिंबाखाली पाने-पक्कड. तिने ओढणीची गाठ सोडली. आधी मडगार्ड, मग चेनचं झाकण, मग स्टँड. कॅरिअरचा एक नट सापडेना, आजीने पदर झटकून दिला. नट आवळून झाल्यावर तिने कॅरिअर दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं. तिची आई दळणाचा डबा घेऊन आली होती. तो कॅरिअरवर ठेवला, ट्यूबच्या पट्टीने दोन वेढे देऊन बांधला, टाकी हँडलला अडकवली.

"चक्की बंद होईन, लवकर जा," आई म्हणाली.

मनगटावरची काळी रेघ तशीच होती. टाच नाही, चवडा ठेवून ती निघाली.